आजी, जीभ वर करा

सावेडी, अहिल्यानगर (तुमच्या भाषेत नगर)
रविवार, ड्यूटी नसलेला

तीर्थस्वरूप सहादेवमामा आणि चांगुणामामी यांना गोरक्षचा साष्टांग दंडवत. (पत्रातून दंडवत घातला की गुडघ्याला माती लागत नाही आणि उठताना कुणाचा आधारही घ्यावा लागत नाही, म्हणून इथे मी तो अगदी मोकळ्या मनाने घालतो आहे.) तुमची तब्येत कशी आहे, मामींची टाच अजून ठणकते का, भाताची आवणी उरकली का, आणि ती तांबडी गाय धार काढताना अजून लाथ झाडते का, हे सगळं कळवावं. इकडे आई आणि मी खुशाल आहोत. म्हणजे तसे नाही आहोत, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

मोबाईल असताना हा पोरगा पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, की मी फोनवर नुसतं ‘गोळी’ म्हटलं तरी तुमच्याकडची रेंज जाते. डोंगरांचा दोष असेल म्हणून मी प्रयोग करून पाहिला. पावसाचं विचारलं, रेंज होती. गाईचं विचारलं, रेंज होती. रक्ततपासणीचं विचारलं, गेली. पत्र मध्येच बंद करता येत नाही. (फाडता येतं, पण मामी ते चिकटवून पुन्हा तुमच्यापुढे ठेवतील.) तरी निश्चिंत असा, हे पत्र गोळ्यांबद्दल नाहीच. चांगुणामामींनी मला फोन करून काहीही सांगितलेलं नाही. गावच्या जत्रेपासून तुम्ही मनाचा तोल सांभाळणाऱ्या लिथियमच्या गोळ्या बंद केल्यात, पाकिटं तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवलीत आणि रोज ‘घेतली’ म्हणून मान हलवता, यातलं एक अक्षरही त्या बोललेल्या नाहीत. तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. मीही तो विषय काढणार नाही. मला लिहायचं आहे ते माझ्या लग्नाबद्दल. ते सध्या माझ्याच तोंडामुळे अधांतरी लटकलं आहे.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. नातेवाइकांत सांगताना आई ‘मोठ्या दवाखान्यात ब्रदर हाय’ म्हणते, आणि कोणत्या दवाखान्यात असं कुणी विचारलं की पाणी आणायला आत जाते. मनोरुग्णांच्या इस्पितळात, असं मी स्वतः सांगितलं तर लोक आधी माझ्याकडेच निरखून बघतात, आणि बऱ्याच जणांना बघितल्यासारखं काहीतरी सापडतं. मी मात्र स्वतःला फार हुशार ब्रदर समजतो. ही हुशारी आमच्या इनचार्ज ज्ञानेश्वरी सिस्टर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करतात, पण ती पुन्हा वाढते. मी नवीन असताना वॉर्डात दोन पुंजाराम होते. औषधांची ट्रॉली घेऊन मी ऐटीत विचारलं, पुंजाराम कोण? दोघांनीही हात वर केले. शेजारच्या खाटेवरचे बजरंगराव म्हणाले, “म्या बी.” ट्रॉली दिसली की माणूस तुम्ही म्हणाल तो व्हायला तयार होतो. तेव्हा मला सिस्टरांनी शिकवलं, की ‘तुम्ही पुंजाराम का’ असं विचारायचंच नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं म्हणायचं, जन्मतारीख विचारायची, कागदाशी ताडून बघायचं आणि मगच गोळी हातावर ठेवायची. गोळी दिली की पाणी द्यायचं, पाणी प्यायले की ‘आ करा’ म्हणायचं, मग ‘जीभ वर करा’, मग दोन्ही गाल. पेशंट ‘गिळली’ म्हणतो तेव्हा ती गालात असते, असं सिस्टरांचं म्हणणं आहे, आणि मी ते गाल बघून बघून खरं मानलेलं आहे.

आता ही सवय वॉर्डाच्या दारात चप्पल सोडल्यासारखी सोडून येता आली असती तर प्रश्न नव्हता. पण ती माझ्याबरोबर घरी येते. आईला सत्यनारायणाचा प्रसाद दिला आणि ती गिळेपर्यंत मी समोर उभा राहिलो. एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं तेव्हा मी त्याला नाव विचारलं. त्याला वाटलं मी तक्रार करणार, आणि तो बिचारा स्टँड येईपर्यंत माझ्याशी अदबीने वागला.

तर राहुरीचं स्थळ. मुलीचं नाव राजनंदिनी, शेतीतली पदवी झालेली, वडील राधाकृष्णराव विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरीला. मुलगी मला आवडली, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला सगळं नुसतं गमतीचं वाटेल. मध्यस्थाने रीतीप्रमाणे दोन्हीकडे विचारून घेतलं होतं, की घराण्यात ‘तसलं’ काही आहे का. तसलं म्हणजे डोक्याचं. दोन्हीकडून तातडीने उत्तर गेलं होतं, की तसलं काही नाही. जाताना एसटीत आईने मला खिडकीकडे दाबून बसवलं आणि बजावलं, “मामाचं नाव काढायचं न्हाई. विचारलंच तर म्हनायचं, भातशेती करत्यात, लई कामात असत्यात.” मी म्हटलं, बरं. मामा, मला त्या ‘बरं’ची लाज वाटली होती, आणि तरी मी ते म्हटलं.

पोहे आले. बशी घेऊन राजनंदिनी समोर उभी राहिली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “तुमचं पूर्ण नाव सांगा.” तिने सांगितलं. मी म्हटलं, “जन्मतारीख?” तीही तिने सांगितली. राधाकृष्णरावांना वाटलं मुलगा पत्रिका जाणणारा आहे, ते आनंदाने पुढे सरकून बसले. राजनंदिनीने शांतपणे विचारलं, की सगळं जुळत असेल तर आता पोहे द्यायला हरकत नाही ना. (मला ती आवडल्याचं वर लिहिलं आहे, ते त्या क्षणापासून.) आईने मांडीला जो चिमटा काढला त्याचा वळ मी तुम्हाला आलो की दाखवीन.

इथवर सगळं निभावलं असतं. पण कोपऱ्यातल्या खाटेवर मुलीची आजी, रंगुबाई, बसल्या होत्या. चहा झाल्यावर सूनबाईंनी आजींच्या तळहातावर एक गोळी ठेवली आणि त्या आत गेल्या. आजींनी ती तोंडात टाकली, चहाचा घोट घेतला आणि पदराने ओठ पुसले. मामा, गिळताना माणसाचा घसा हलतो. आजींचा हलला नाही. मला पुढचं नीट आठवत नाही. आई सांगते, की मी बशी खाली ठेवली, तांब्या घेतला, खाटेपाशी गेलो आणि वॉर्डातला आवाज काढून म्हणालो, “आजी, आ करा. जीभ वर करा. आता डावा गाल.” तो आवाज असा आहे की आजींनी तोंड उघडलंच, पण मध्यस्थानेही उघडलं. आजींच्या डाव्या गालात गोळी होती.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पाकीट बघायला मागितलं. त्यावरचं नाव आणि लिहिलेली वेळ वाचली आणि भर बैठकीत, शिकाऊ पोरांना समजावून सांगतो तसं सुरू केलं, की ही गोळी डॉक्टरांनी रात्री झोपताना लिहून दिलेली आहे, तुम्ही सकाळी देताय, त्यामुळे आजींना दिवसभर गुंगी येत असणार, उठताना चक्कर येऊन त्या पडतील, आणि नैराश्यावरच्या गोळ्या अशा एक दिवस पोटात आणि एक दिवस गालात ठेवून गुण येत नसतो. ‘नैराश्य’ हा शब्द खोलीत पडला आणि आतला मिक्सर बंद झाला. राधाकृष्णरावांचा चेहरा उतरला. आजोबा गेल्यापासून आजी जेवेनात, बोलेनात, म्हणून त्यांना नगरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. आजींना ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून सांगितलं होतं आणि आम्हाला ‘तसलं काही नाही’ म्हणून. सकाळी द्यायचं कारण एवढंच, की टॉनिक सकाळीच घेतात.

आता मला शांतता सहन होत नाही. वॉर्डात कुणी ना कुणी बोलत असतं, त्यामुळे सवयही नाही. त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला बघवेना, म्हणून त्याला धीर द्यायला मी म्हणालो, “त्यात लपवायचं काय, आमच्या मामांना कितीतरी वर्षं लिथियम चालू आहे.” अशा रीतीने एका चहात मी दोन्ही घराणी उघडी पाडली. आईने वर पंख्याकडे बघितलं. मध्यस्थाने आपली टोपी मांडीवर काढून ठेवली, कुणाच्या घरी वाईट घडलं की ठेवतात तशी. मामा, तुमचं नाव मी तुम्हाला न विचारता परक्या घरात घेतलं, त्याबद्दल तुमचे पाय धरतो. पेशंटचं नाव बाहेर बोलायचं नाही हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्या तासाला मी हजर होतो, हे त्याहून वाईट.

राधाकृष्णराव आजींकडे वळले. त्यांनी आजींना विचारलं, की मग इतक्या दिवसांच्या गोळ्या गेल्या कुठे. आजी म्हणाल्या, “शेळीला देते. तिला मानवत्यात.” सगळ्यांनी एकदम आपापल्या कपाकडे बघितलं, कारण चहा शेळीच्या दुधाचा होता. मी ब्रदर असल्यामुळे सगळे मग माझ्याकडे बघू लागले. काही होत नाही, असं मी ठामपणे सांगितलं. खरं म्हणजे आमच्या अभ्यासक्रमात शेळी नव्हतीच.

मग आजींनी मला जवळ बोलावलं आणि एवढ्या सगळ्यांतून नेमकं तुमचंच विचारलं. “तुज्या मामाचं बी तोंड सुकतं का रं?” मी खाटेवर बसलो. त्या सांगू लागल्या, की गोळी घेतली की तोंडाला कोरड पडते, भाकरी तोंडात नुसती फिरते, आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलं नाही. शिवाय रक्ताची गोळी लाल असते हे त्यांना कळत नाही असं घरच्यांना का वाटतं, तेही त्यांना कळत नव्हतं. “ही डोक्याची हाय. येड्याला देत्यात ती. म्या येडी न्हाई, माजा मानूस गेलाय.” मी म्हटलं, तुम्ही वेड्या नाही आणि आमचे मामाही नाहीत, ते गोळी घेतात आणि भंडारदऱ्याकडे भात पिकवतात. आजींनी माझ्याकडे, कुणी बाजारात वांगं दाबून बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, “मंग आन त्याला. मला बगू दे.” निघताना राधाकृष्णरावांनी दारात तेच सांगितलं. आमची आई म्हणते तसं करा, मामांना आणा, मग पुढचं बोलू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आणतो. तुम्ही बाहेर जीपमध्येच बसलेले असावेत, इतक्या सहजपणे म्हटलं.

येताना आई एसटीत दुसऱ्या बाकावर बसली. माझ्याशी ती दुसऱ्या दिवशी दुपारी बोलली, तेही दळण आणायला सांगायला. राजनंदिनीचा मात्र त्याच संध्याकाळी फोन आला. मग तिने आजींना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, कोरडीचं आणि चकरेचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, रात्रीचीच वेळ पक्की केली, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही म्हणून दम भरला. आता आम्ही औषधांविषयी फोनवर पुष्कळ बोलतो. लग्न ठरण्याआधी माणसं चांदण्याविषयी वगैरे बोलतात असं ऐकून आहे. परवा तिने विचारलं, की त्या प्रकरणापासून तुम्हाला जे पित्त झालंय त्याच्या गोळ्या घेताय ना. मी म्हटलं, घेतो की. आणि आईने धुवायला घेतलेल्या शर्टाच्या खिशातून ओलं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं, सगळ्या गोळ्यांसकट. फोन चालूच होता. राजनंदिनी म्हणाली, “आ करा.” तेव्हा लोकांच्या गालात बघणाऱ्या या ब्रदरची लायकी तुमच्या लक्षात आलीच असेल.

बाकी विशेष काही नाही. मामींना दंडवत, गाईला लांबूनच. चुकलं-माकलं पोटात घाला, गोळ्यांचा विषय मी शब्द दिल्याप्रमाणे काढलेला नाही.

तुमचा भाचा,
गोरक्ष

ता. क. राहुरीला याल का? रविवार बघून या. मी जीप घेऊन घ्यायला येतो. हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता धीर होईना.

ता. क. दुसरा. मामींनी न सांगितलेल्या गोष्टींत हेही होतं, की जत्रेत पाहुण्यांपुढे बशी धरताना तुमचा हात थरथरला, चहा सांडला, पोरं हसली आणि तुम्ही घरी येऊन गोळ्याच बंद केल्या. मामा, हाताचं कापणं त्या गोळीने होतं आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टर मात्रा कमी करतात, किंवा कापण्यावर दुसरं काही देतात. पण ते त्यांनी रक्त तपासून ठरवायचं, तुम्ही जत्रेत नाही. आणि हे पत्र वाचून जोशात येऊन कणगीतलं पाकीट काढू नका. इतके दिवस राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम जास्त घ्यायच्या नसतात, आपल्या मनाने पहिल्यासारख्या सुरूही करायच्या नसतात. आधी डॉक्टर. मी येतो बरोबर. सुरू झाल्यावर भरपूर पाणी प्या, एकदम अळणी खायला लागू नका, मामींच्या टाचदुखीच्या गोळ्या तुमच्या गुडघ्याला म्हणून घेऊ नका (लिथियमबरोबर त्या चालत नाहीत), आणि उलट्या-जुलाब झाले, किंवा हात फारच कापून तोल जायला लागला, तर वाट न बघता दवाखाना गाठा. (विषय काढणार नव्हतो, पण ता. क. हा पत्रात धरत नाहीत.)

ता. क. तिसरा. तुम्ही आजारी पडलात ते वर्ष मला आठवतं. तुम्ही मला जीपमध्ये पुढे बसवून गावोगाव फिरलात आणि दिसेल त्याला जेवायचं आमंत्रण दिलंत. मला वाटलं, असा मामा कुणालाच नाही. घरी आलो तर मामी रिकाम्या चुलीपुढे बसून रडत होत्या आणि अंगणात लोक जमायला लागले होते. मी या नोकरीत त्या दिवसामुळे आलो. मला तुम्ही पुन्हा तसे झालेले बघायचे नाहीत. लग्न मोडलं तरी चालेल, तुम्ही फक्त बरे राहा.

ता. क. चौथा. लग्न मोडलं तर चालणार नाही. वर उगाच मोठेपणा केला.

ता. क. पाचवा आणि खरा. आजी आता रात्रीची गोळी घेतात. न सांगता तोंड उघडून राजनंदिनीला दाखवतात. पण त्याआधी रोज विचारतात, “भंडारदऱ्याच्या मामानं घेतली का?” राजनंदिनी मला फोन लावते. मामींचा फोन आल्यानंतरही मी रोज सांगतो आहे, की हो, घेतली. आमच्या वॉर्डात गोळी पेशंटच्या पोटात जायच्या आधी कागदावर सही करणं हा सगळ्यात मोठा गुन्हा धरतात, आणि तो मी तुमच्या नावावर रोज करतो. राजनंदिनीलाही खरं सांगितलेलं नाही. मामा, ती म्हातारी तुमच्या भरवशावर गोळी गिळते आहे.